मानीव मासा

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "या व्याख्येप्रमाणे माझा नवरा मासा आहे." टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो. वरिष्ठांच्या नवऱ्यावरचा विनोद खुद्द वरिष्ठांनीच केला असेल तर हसणं हा कामाचाच भाग असतो. मग लक्षात आलं की व्याख्या माझी आहे. कलम दोन, खंड (ठ): 'मासा' म्हणजे पाण्यात राहणारा किंवा पाण्यातून बाहेर काढलेला कोणताही प्राणी, मग तो जिवंत असो वा मृत, अखंड असो वा तुकड्यांत. "हा रोज सकाळी तलावात पोहायला जातो," बाई पुढे म्हणाल्या. "वेळ झाली तरी बाहेर येत नाही. काठावरून ओरडून ओरडून काढावा लागतो. म्हणजे पाण्यातून बाहेर काढलेला प्राणी. जिवंत. सध्या तरी अखंड. आता याला पकडायला मला परवाना लागेल का रे?" त्यांनी पेन्सिलीनं 'किंवा'भोवती गोल काढला, त्याला शेपटी काढून समासात नेली आणि शेपटीच्या टोकाशी 'आणि' लिहिलं. तो गोल आणि ती शेपटी मिळून हुबेहूब मासा झाला होता, पण ते कुणी बोललं नाही. "संध्याकाळपर्यंत सुधारून आण," त्या म्हणाल्या. "सही करून मंत्रिमंडळाकडे पाठवायचंय."

तशी ही चूक काही मोठी नव्हती. आमच्या मसुदा कक्षात याहून भारी चुका होऊन गेल्यात. कुत्र्यांच्या परवान्याच्या एका कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या अशी झाली होती की घरात जो जास्त वेळ असतो तो मालक, म्हणजे कुत्राच. तो कायदा करणारा गृहस्थ आता पेन्शन घेतो आणि, असं म्हणतात, कुत्रा पाळत नाही. पण 'पाण्यातून बाहेर काढलेला' हे शब्द बाईंच्या तोंडून मोठ्यानं ऐकताना मी हसायचा थांबलो. लिहिताना ते नुसते शब्द होते. मी ते लिहिले तेव्हा समोर पाण्याचा ग्लास होता, आणि बहुधा ग्लासाकडे बघूनच लिहिले असावेत. आता मी त्या ग्लासात बोट बुडवलं आणि बाहेर काढलं. तुकड्यांत, मी मनात म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोट पुसलं.

साहेब म्हणजे मत्स्यखात्याचे साहेब. या कायद्याची मूळ मागणी त्यांच्या खात्याची. मत्स्यव्यवसायातल्या गुन्ह्यांना आळा घालणारा, सबंध देशाला लागू होणारा कायदा. लोकांना वाटतं मासेमारीत गुन्हा तो काय असणार, फार तर जाळं चोरतील. प्रत्यक्षात तिथे सगळं असतं. जहाजाचं नाव रंगवून बदलतात, ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करून बंदी असलेल्या पाण्यात शिरतात, भर समुद्रातच दुसऱ्या जहाजावर मासे चढवून बंदराचं तोंड बघत नाहीत, आणि खलाशांचे पासपोर्ट कॅप्टनच्या कपाटात कोंबून त्यांनाही ते बघू देत नाहीत. हे सगळं थांबवायचं काम ज्या खोलीत चाललं होतं तिथे खिडकी उघडत नव्हती आणि आमच्यातल्या एकालाही मासा साफ करता येत नव्हता. साहेबांना वासच सहन होत नाही. ते बंदरावर पाहणीला जातात तेव्हा रुमालाला अत्तर लावून जातात असं त्यांनीच सांगितलं होतं, अभिमानानं.

मला मात्र वास येत होता. गेल्या आठवड्यात ताईनं भावोजींचा एक ध्वनिसंदेश मला पाठवला होता, तेव्हापासून. आवाजाला वास नसतो हे मला कळतं. पण भावोजी त्यात म्हणाले होते, "काय मेव्हणे, कायदा झाला का? इकडे मी आयुष्यात एकदाही मासा खाल्ला नाही आणि आता माझा घामसुद्धा मासळीचा येतो. ऐका. गस्तीची बोट दिसली की उडी मारायचं ठरवलंय. पोहता येत नाही, पण काढतीलच की. माणूस पाण्यात दिसला तर काढावाच लागतो ना? तुमच्यात तसा काही नियम असेल." मग ते हसले. त्यांच्या हसण्यामागे सतत एक घरघर होती. ती घरघर मी लगेच ओळखली. भावोजी म्हणजे घरघर, हे आमच्या घरात जुनं समीकरण आहे.

कारण भावोजी आमच्याकडे पहिल्यांदा आले ते फ्रीज दुरुस्त करायला. दार न उघडता त्यांनी, डॉक्टर लावतात तसा, फ्रीजला कान लावला आणि डोळे मिटले. आई घाबरून म्हणाली, "काय झालंय हो त्याला?" ते म्हणाले, "मनातलं बोलत नाहीये." त्या दिवशी फ्रीज दुरुस्त झाला नाही. पुढच्या खेपेला झाला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला ताई घरी होती आणि तिनं पाणी आणून दिलं, तेव्हा तर बिलकुलच झाला नाही. बाबा शेवटी म्हणाले, "फ्रीज काही थंड होईना, मुलगी मात्र गेली." लग्नानंतर भावोजींनी एका मिनिटात तो चालू केला. नुसती एक तार काढून ठेवलेली होती. म्हणजे गरज असेल तेव्हा यंत्र न दुरुस्त करण्याची कला या माणसाला येत होती. मग एका मोठ्या मासेमारी जहाजावर शीतगृहाचा मेकॅनिक हवा होता, सहा महिन्यांसाठी. ते गेले. सहा महिने होऊन गेले, वर्ष होऊन गेलं, जहाज बंदराला लागलंच नाही. दुसरं एक मोठं जहाज येतं, मासे घेऊन जातं, तेल आणि पीठ देऊन जातं. भावोजींना कुणी डांबून ठेवलेलं नाही. कॅप्टन अगदी अदबीनं वागतो म्हणे. फक्त पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे आणि चारी बाजूंना पाणी आहे. ताई एकदा त्यांना म्हणाली होती, तुम्ही ते शीतगृह बिघडवा ना, आमचा फ्रीज बिघडवलात तसा. ते म्हणाले, "अगं, पोरांचं खाणंपिणंही त्यातच असतं." त्यामुळे समुद्रावरचं ते शीतगृह उत्तम चालतं, आणि ते उत्तम चालतं म्हणून त्यांना कुणी सोडत नाही.

हे मी कक्षात सांगितलेलं नव्हतं. सांगितलं तर मला या मसुद्यावरून काढतील, कारण ज्याचा नातेवाईक कायद्यात अडकू शकतो त्यानं तो कायदा लिहू नये असा नियम आहे, आणि तो नियमही आमच्याच कक्षानं लिहिलेला आहे. भाषा सुरेख आहे त्याची. मी न सांगता रोज येत होतो, बसत होतो, कलमं लिहीत होतो आणि प्रत्येक कलमात भावोजी कुठे बसतात ते बघत होतो. शिंपी ओळखीच्या माणसाचे कपडे गिऱ्हाइकाच्या कापडातून बेततो, तसं.

जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे तिच्याशी बोलताना मध्येमध्ये अक्षरं ऐकू येतात. "जेवलास का?" "हो." "खोटं बोलू नकोस, तुझा आवाज पोकळ येतोय. ऐक, आज ते मोठं जहाज येणार आहे मासे उचलायला. त्यावरच्या एकाचा फोन लागतो, ते संध्याकाळी त्याच्यावरून बोलतील. काय सांगू त्यांना? — खालची ओळ वाचा काका. नाही, ते 'म' आहे — उडी मारू दे की नको?" मी जिन्यात उभा होतो. वरून कुणीतरी पायऱ्या पुसत येत होतं आणि मी एकेक पायरी खाली सरकत होतो. "ताई, त्यांना पोहता येत नाही." "ते मलाही माहितीये. मी कायद्याचं विचारतेय. बोटीवर सापडले तर काय आणि पाण्यात सापडले तर काय? तू कायद्याचा माणूस ना?" "मी कायदा लिहिणारा. सांगणारे वेगळे असतात." "म्हणजे आचारी म्हणतोय चव मला विचारू नका." मी आणखी एक पायरी खाली सरकलो. ती म्हणाली, "मला संध्याकाळपर्यंत सांग. ते तुझ्यावर सोडतायत. म्हणाले, मेव्हणे म्हणतील तसं." मग फोन ठेवण्याआधी काकांना म्हणाली, "आता दिसतंय? नाही? बरं, ही काच बघा."

मेव्हणे म्हणतील तसं. मी जिन्याच्या तळाशी पोहोचलो होतो आणि मला पुन्हा वर जायचं होतं. ओल्या पायरीवर पाय ठेवला. कायदा काही मागे जाऊन लागत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. पण भावोजी मागे कुठे आहेत? ते पुढे आहेत. हे विधेयक मंत्रिमंडळात जाईल, संसदेत जाईल, तिथे कुणीतरी चौदाव्या कलमावर भाषण ठोकेल, राजपत्रात छापून येईल, आणि तेव्हाही ते तिथेच असतील, शीतगृहाला कान लावून. कायदा हळूहळू चालत त्यांच्यापर्यंत पोहोचेल आणि म्हणेल, नमस्कार, आपण चौदाव्या कलमात आहात.

चौदावं कलम दुपारी निघालं. मीच मुद्दाम ते शेवटी ठेवलं होतं, ताटातल्या नको असलेल्या भाजीसारखं सरकवत सरकवत. प्रतिबंधित मासेमारी करताना सापडलेल्या जहाजावर हजर असलेली प्रत्येक व्यक्ती त्या गुन्ह्यात सामील असल्याचे मानण्यात येईल. आमच्या धंद्यात याला 'मानीव' म्हणतात. मानीव हा फार ताकदवान शब्द आहे. जे नाही ते आहे असं मानायचं आणि एकदा मानलं की कुणी वाद घालायचा नाही. ताई तर हा शब्द माझ्याकडून उचलून घरातही वापरते: माझा मानीव नवरा, म्हणते, आज आमचा मानीव लग्नाचा वाढदिवस. मी म्हटलं, "या कलमाला एक परंतुक जोडावं असं वाटतं. परंतु, जी व्यक्ती आपल्या इच्छेविरुद्ध जहाजावर असेल तिला हे कलम लागू होणार नाही." साहेबांनी रुमाल नाकाशी नेला, सवयीनं. "अहो, बोट पकडली की सगळे हेच म्हणतात. मागे एक बोट धरली, तिच्यावरचा प्रत्येक माणूस म्हणाला मी स्वयंपाकी. सगळे स्वयंपाकी! मग मासे पकडले कुणी, आमटीनं?" हशा. "आणि इच्छा कुणी मोजायची? इच्छेविरुद्ध म्हणाल तर मीसुद्धा रोज ऑफिसला इच्छेविरुद्धच येतो." मोठा हशा. मी हसलो नाही, आणि ते बाईंनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे. जे सिद्ध करता येत नाही ते लिहू नये." पेन्सिल माझ्या परंतुकावरून सावकाश गेली. एक सरळ रेघ. बाईंची रेघ पट्टीशिवाय सरळ येते.

मग मी माझ्या जागेवर बसलो आणि कलम दोन, खंड (ठ) उघडलं. फक्त एक शब्द बदलायचा होता. पडद्यावर 'किंवा'च्या मागे ती उभी रेघ लुकलुकत होती, माझ्यावर नजर ठेवून. कोपऱ्यातला कक्षाचा छोटा फ्रीज घरघरत होता. मी ऐकलं. मनातलं बोलत नव्हता. मी उगाच विधेयक पुढे सरकवलं, मागे सरकवलं, आणि एकविसाव्या कलमापाशी थांबलो. तेही माझंच. बेकायदेशीरपणे पकडलेला मासा जिवंत असल्यास, तो जिथून पकडला असेल तिथे, शक्य तितक्या लवकर, जहाजमालकाच्या खर्चाने परत पोहोचवण्यात येईल. मी ते दोनदा वाचलं. मग 'किंवा' वाचला. मग एकवीस. भावोजी बोटीवर असले तर व्यक्ती. व्यक्ती असले तर चौदावं कलम. पण त्यांनी उडी मारली आणि गस्तीवाल्यांनी त्यांना वर काढलं, तर? पाण्यातून बाहेर काढलेला कोणताही प्राणी. जिवंत, अखंड. मासा. आणि माशाला कुठल्याच देशात आरोपी करता येत नाही. उलट त्याला परत पोहोचवावं लागतं. शक्य तितक्या लवकर. मालकाच्या खर्चानं. जिथून पकडला असेल तिथे, आणि भावोजींना बेकायदेशीरपणे पकडलं ते समुद्रातून नव्हे, घरातून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, ताईच्या दारात, जिथे घंटी बिघडलेली आहे आणि ती मुद्दाम दुरुस्त केलेली नाही, कारण ती दुरुस्त करणारा माणूस ठरलेला आहे.

मला हसू आलं, आणि मग मी विधेयक पुन्हा पहिल्या पानापासून पाहिलं. या सबंध कायद्यात, एवढ्या कलमांत, पोटकलमांत, अनुसूचींत, माणसाला घरी पोहोचवा असं एकही वाक्य नव्हतं. आम्ही ते विसरलो होतो असंही नाही, ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मासा मात्र परत जात होता. मी कल्पना करू लागलो: भावोजी न्यायालयात उभे, वकील म्हणतोय, महोदय, माझे अशील मासा आहेत. न्यायाधीश चष्मा कपाळावर चढवतात. सरकारी वकील हरकत घेतो की मासा शाकाहारी कसा? मग लांबीचा प्रश्न येतो, कारण ठराविक लांबीपेक्षा लहान मासा पकडणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि भावोजी पट्टीसमोर पाठ ताणून उभे राहतात. हे सगळं मी इतकं स्पष्ट पाहत होतो की शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, "काय, बरं नाही का?" मी म्हटलं, "श्वास लागतोय जरा." तो म्हणाला, "इथे हवाच नाही." मी ती उभी रेघ 'किंवा'वरून उचलली आणि दुसरीकडे नेऊन ठेवली. शब्द तसाच राहिला. पान छापून घेतलं. कागद यंत्रातून गरम बाहेर आला आणि मी तो दोन्ही हातांत धरून बाईंच्या खोलीकडे निघालो, काहीतरी निसटून पडू नये अशा बेतानं.

बाईंनी पान घेतलं. त्या वाचतात तेव्हा ओठ हलतात, मुलांना पाठ म्हणून दाखवल्यासारखे. 'किंवा'पाशी ओठ थांबले. "हे राहिलं की ठेवलंस?" राहिलं म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "ठेवलं." त्यांनी पान खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी कपाट ओढत नेत होतं, त्याचा आवाज संपेपर्यंत दोघंही थांबलो. "कोण आहे?" "भावोजी." "कुठे?" "मेकॅनिक आहेत. शीतगृहाचे. जहाज बंदराला लागत नाही." "आणि उडी मारणार आहेत." मी चमकलो. त्या म्हणाल्या, "त्याशिवाय मासा कसा होईल? मी व्याख्या वाचते रे, तेवढंच काम येतं मला." मग चिडल्या. खऱ्या चिडल्या. "पण मग माणूस म्हणून सोडव ना! मासा करून काय सोडवतोस? उद्या हे छापलं गेलं की पहिल्याच सुनावणीत हसून टाकून देतील, आणि त्या हशात तुझे भावोजीही जातील. बुडण्याचं कुणी परंतुक काढलेलं नाही अजून." मी खाली बघत होतो. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली नवऱ्याचा फोटो, पोहण्याची टोपी घातलेला. खरंच माशासारखा दिसत होता. "तू आता या फाइलवर नाहीस," बाई म्हणाल्या. "कारण विचारलं तर सांगेन, व्याख्येत चूक केली. ते खोटं नाही." त्यांनी कोरा कागद ओढला, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं. "बोल. आता तू बाहेरचा माणूस. बाहेरचे लोक सूचना करू शकतात. इच्छाबिच्छा नको, साहेबांना मोजता येईल असं काहीतरी दे."

डोक्यात नुसती घरघर. मोजता येईल असं. सगळे म्हणतात मी स्वयंपाकी. सगळ्यांच्या तोंडात एकच वाक्य, आणि कॅप्टनच्या कपाटात — "पासपोर्ट," मी म्हटलं. "जिचा पासपोर्ट तिच्या स्वतःच्या ताब्यात नाही, अशी जहाजावरील कोणतीही व्यक्ती." बाईंची पेन्सिल चालू झाली. "ती गुन्ह्यात सामील नसून त्या गुन्ह्याची बळी असल्याचे मानण्यात येईल." "हं." "आणि तिला, जिथून नेली असेल तिथे, शक्य तितक्या लवकर, जहाजमालकाच्या खर्चाने, परत पोहोचवण्यात येईल." बाई लिहायच्या थांबल्या. "हे कुठलं?" "एकविसावं कलम. माशाचं." त्यांनी लिहून पूर्ण केलं. मग पहिल्या पानावरच्या 'किंवा'वर स्वतःच्या हातानं काट मारली आणि 'आणि' लिहिलं, आणि मला, ते कितीही योग्य असलं तरी, कुणीतरी हातातून निसटून पाण्यात गेल्यासारखं वाटलं. "साहेब मान्य करतील?" मी विचारलं. "ते उद्या कळेल. म्हणजे मला. तू फाइलवर नाहीस. जा, दार ओढून घे."

रस्त्यावर दिवे लागत होते. हातात काम नसलेला माणूस रस्त्यावर ओळखू येतो, तो हात कुठे ठेवायचे ते शोधत असतो. मी बसथांब्यापाशी उभा राहिलो आणि आलेली बस जाऊ दिली. उडी मारली तर आता ते मासा नव्हते. न मारली तर, बाईंचा कागद टिकला तर, बळी. नाही टिकला तर आरोपी. म्हणजे मला जे सांगायचं होतं ते एका पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळीवर उभं होतं आणि ती ओळ मला पुन्हा बघायला मिळणार नव्हती. पेन्सिल पुसताही येते. ताईचा फोन आला. या वेळी मागे अक्षरं नव्हती, दुकान बंद झालं असावं. "ते लाइनवर यायच्या बेतात आहेत. काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, उडी मारू नका." "नक्की?" "नक्की. पोहता येत नाही तर मारू नका. बोटीवर थांबा. गस्तीची बोट आली की सगळ्यांच्या आधी एकच सांगा, माझा पासपोर्ट कॅप्टनच्या कपाटात आहे. दुसरं काही नाही. स्वयंपाकी आहे असं तर चुकूनही म्हणू नका." "ते का?" "सांग फक्त. आणि सांग की कलम लिहिलंय. त्यात ते बळी आहेत. माणूस आहेत. घरी पोहोचवायचं असलेला माणूस." ताई म्हणाली, "हे तूच बोल," आणि काहीतरी खटखट करून तिनं मला जोडून दिलं.

आधी घरघर आली. मोठी, एकसारखी, निरोगी. कुठेही अडखळत नव्हती, इतकी उत्तम ठेवलेली. मग त्या घरघरीतून भावोजींचा आवाज आला, अगदी आमच्या स्वयंपाकघरातून यावा तसा. मी सगळं पुन्हा सांगितलं, न थांबता, श्वास न घेता, पासपोर्ट, कलम, माणूस. त्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "माणूस म्हणताय मेव्हणे, चांगलंच आहे. पण खरा की मानीव?"

मी फोन कानाला घट्ट लावला आणि डोळे मिटले.